माझी संपूर्ण शिक्षा देवासला झाली

पुण्यामुंबईकडचं कोणी भेटलं की पाच मिनिटांत म्हणतं, "अय्या, तुमचं मराठी किती गोड!" गोड म्हणे. डोंबलाचं गोड! पोर बोबडं बोललं की म्हणतात ना, तसलं ते गोड. पूर्वी मी हसून सोडून द्यायचे. आता नाही सोडत, आणि त्याला कारण आहे.

एम.कॉम. होऊन मी देवासला घरी बसले होते. बसले होते म्हणजे काय, अर्जांवर अर्ज मारत होते. इंदूरच्या कंपन्यांना फाडफाड इंग्लिश हवं, इथल्या फॅक्टऱ्यांत ओळख हवी, आणि आमच्याकडे दोन्हीच्या नावानं शंख. अशात पिथमपूरला एक जागा निघाली. कारखाना धार जिल्ह्यात, मालक पुण्याचे. सुटे भाग पुरवणारे सगळे तिकडचे, त्यांच्याशी दिवसभर फोनवर बोलायचं काम. अट एकच, मराठी आलं पाहिजे. मला वाटलं, घ्या! ही नोकरी माझ्यासाठीच काढलीय. आयुष्यात पहिल्यांदा घरातली भाषा घराबाहेर उपयोगी पडणार होती. ही गेली तर पुढं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बाबांना तर माझ्याहून जास्त आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते लहान असताना आजोबांनी फॅक्टरीच्या नोकरीपायी सांगली सोडली, तेव्हापासून बाबा देवासचेच. शाळा हिंदी, दोस्त मालवी बोलणारे, नोकरीही हिंदीत. पण अभिमान असा, की कॉलनीच्या गणपतीत मराठी घरातलं पोर हिंदीत बोललं तर जागच्या जागी टोकणार. आई तेव्हा धारला मावशीकडे गेली होती. आम्ही दोघंच चहा घेऊन तयारीला बसायचो. बाबा साहेब व्हायचे, पायावर पाय टाकून. "हं, स्वतःविषयी सांगा."

मी म्हणायचे, "माझी पूर्ण शिक्षा देवासला झाली."

"'पूर्ण' नको बेटा, 'संपूर्ण' म्हण. भारी वाटतं."

मी 'संपूर्ण' पाठ केलं.

मुलाखतीला समोर पुण्याहून आलेले साहेब, शेजारी इथल्याच एचआरच्या मॅडम. मॅडमना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेब म्हणाले, "ओके, सो, तुमच्या बॅकग्राउंडबद्दल थोडं ब्रीफ करा." मी मान ताठ करून ठणठणीत आवाजात म्हटलं, "माझी संपूर्ण शिक्षा देवासला झाली."

"बाप रे! कुठल्या गुन्ह्याची?" म्हणाले, आणि हसत सुटले. मॅडमना काही कळलं नव्हतं, पण साहेब हसले म्हणून त्याही हसल्या. मलाही कळलं नव्हतं, तरी मीही हसले. माझ्या त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

मग साहेब डोळे पुसत म्हणाले, "बाळा, शिक्षा म्हणजे पनिशमेंट. तुला शिक्षण म्हणायचंय." आमच्या घरी शाळेत मिळते ती शिक्षा, आणि चुकलं की मिळते ती सजा. दुसरं काही असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढचं मला धड ऐकू येईना. कधी उशिरापर्यंत थांबावं लागेल, चालेल ना, असं त्यांनी विचारलं. हरकत नाही म्हणायचं, तर मी "मला काही आपत्ती नाही" म्हणून बसले, आमच्या हिंदीत म्हणतात तसं. "वा! म्हणजे पूर नाही, भूकंप नाही!" परत खो-खो.

बसमध्ये बसले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. कंडक्टर भियाशी, म्हणजे भैयाशी, उगाचच भांडले. अहो साहेब, बॅकग्राउंड ब्रीफ करा, हे कुठलं मराठी? तुमच्या मराठीत इंग्लिश शिरलं तर तुम्ही सुशिक्षित, आणि आमच्या मराठीत शेजारची हिंदी शिरली तर आम्ही तमाशा? आम्हाला शाळेत कोणी मराठीचा म सुद्धा शिकवला नाही. स्वैपाकघरात आणि देवघरात जे कानावर पडलं, ते आम्ही टिकवलं. तुम्हाला सगळं आयतं मिळालं, त्याचा कसला आलाय तोरा! हे सगळं मला तिथे सुचायला हवं होतं. तिथे मी 'सॉरी सर' म्हणाले. आज जे मराठी लिहितेय ते नंतर शिकले, निव्वळ संतापानं.

बाबा फाटकातच उभे होते. "कसा झाला इंटरव्ह्यू, बेटा?"

"मस्त," म्हटलं. दुसरं काय सांगणार? ते वाक्य त्यांनीच तर पास केलं होतं.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी फोन आला. बाबांनी हाताने खुणावलं, स्पीकरवर टाक. एचआरच्या मॅडम. "सर कह रहे हैं, आपकी मराठी वीक है." संपलं. नोकरी गेली.

मी काही म्हणायच्या आत बाबांनी फोन माझ्या हातातून ओढला. "सर को दीजिए ज़रा." त्यांचा आवाज चढलेला मी क्वचितच ऐकलाय. साहेब तिथेच असावेत. फोनवर आले, गोड बोलू लागले. "अहो काका, हा कम्युनिकेशनचा रोल आहे, लँग्वेज स्किल्स मॅटर करतात..."

बाबा उठून उभे राहिले. घसा खाकरला, आणि गणपतीच्या मंडपात वापरतात ते ठेवणीतलं मराठी काढलं. "साहेब, आम्ही मूळचे सांगलीचे. तुम्ही मला एवढंच सांगा, माझ्या मुलीच्या शिक्षेत काय कमी राहिली?"

मी "बाबा, बंद करा" म्हणून हात पुढे केला. उशीर झाला होता. पलीकडून तेच हसू, मी मुलाखतीत ऐकलेलं. "अच्छा! म्हणजे शिक्षा घरातूनच आहे!" मागे मॅडमही हसल्या. मी फोन हिसकावून बंद केला.

बाबा तसेच उभे. "का हसला गं तो?"

"त्याला मराठी येत नाही, बाबा."

"वाटलंच मला," बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. "किती इंग्लिश घुसवत होता."