डिबोरला लागू न पडलेली लस

न्गोरेन गावात मूल जन्माला यायचं ते डिबोर फायच्या हातात, असा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. डिबोर म्हणजे दवाखान्यातली सुईण. जमातीने सेरेर, मासेमारी करणाऱ्या नवऱ्याच्या मागे राहिलेली विधवा, अंगाने दणकट आणि तोंडाची फटकळ. कळा सुरू झाल्या की बायका दवाखान्याचं नाव घेत नसत, "डिबोरला बोलवा" म्हणत.

दवाखान्याचा प्रमुख अंपा जारजू हा जोला जमातीचा. सेरेर आणि जोला यांच्यातला थट्टेच्या नात्याचा करार पणजोबांच्याही आधीपासूनचा. एकमेकांना वाटेल ते बोलावं, समोरच्याने राग मानू नये. त्याच कराराची दुसरी बाजू अशी, की एकाने दुसऱ्याचं रक्त सांडू नये.

"आलास का गुलामा?" डिबोर सकाळी फाटकातूनच ओरडायची. "भाताचं पातेलं चाटूनपुसून मगच निघालास वाटतं!"

"मावशी, तुझ्या आजोबांना आमच्या आजोबांनी मूठभर तांदळावर विकत घेतलं होतं," अंपा म्हणायचा. "आणि तांदूळही किडका होता!"

त्या वर्षी दवाखान्यात नवा नियम आला. बाळंतपणात रक्ताशी गाठ असते आणि बी प्रकारची कावीळ रक्तातूनच पसरते. म्हणून बाळंतपणाच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाने तीन सुयांची लस टोचून घ्यायची, नंतर रक्त तपासायचं. दोनदा पूर्ण लस घेऊनही ज्याच्या रक्तात संरक्षण दिसणार नाही त्याला ती खोली बंद.

डिबोरने अंपाच्या हातून तिन्ही सुया टोचून घेतल्या. तरुण नर्स हॅडीनेही घेतल्या. शेवटच्या सुईनंतर महिन्याभराने तपासणी झाली. हॅडीच्या रक्तात संरक्षण चांगलं तयार झालं होतं. डिबोरच्या रक्तात काहीच नव्हतं.

किनाऱ्यावर मासे धुरावर सुकवत बसलेल्या बायकांनी लगेच निदान केलं. "अगं, जोल्याच्या हातची सुई सेरेरच्या अंगाला मानवेल कशी? टोचताना रक्ताचा थेंब आलाच असेल. करार मोडला, पितर रुसले!"

डिबोरला ते पुरेपूर पटलं. तिने अंपाला गाठलं. "तुझ्या हातालाच दोष आहे. मला दुसऱ्या माणसाकडून टोचून घेऊ दे."

अंपा हसायला गेला, पण त्याला नीट हसता आलं नाही. त्याच्याही आजीने त्याला तो करार शिकवलेला होता. "जा राजधानीत, बांजूलला," तो म्हणाला. "तिथे वोलोफ जमातीची नर्स आहे. तिचं-तुझं काही देणंघेणं नाही."

मग डिबोर दर वेळी होडीने नदी ओलांडून बांजूलला गेली आणि पुन्हा तिन्ही सुया घेऊन आली. परतताना दंड दाखवत सांगायची, "नर्सबाई आडदांड आहे. आता लस जाते कुठे!"

लस मात्र गेलीच कुठेतरी. दुसऱ्या तपासणीतही रक्त कोरंच निघालं.

त्या आठवड्यात बांजूलच्या डॉ. न्जाय बाई दवाखान्यात आल्या होत्या. डिबोर त्यांच्यासमोर वस्त्राच्या काठाशी चाळा करत बसली. अंपा शेजारी उभा होता.

"तुमच्या घरात कुणाला ही कावीळ झाली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"भावाला, वालीला. त्याच्या बायकोलाही झाली. ती चार दिवस पिवळी पडली आणि उठून कामाला लागली. वाली मात्र वर्षानुवर्षं झिजला. शेवटी पोट फुगून गेला. लोक म्हणाले, बायकोने काहीतरी खायला घातलं. मीही तिच्याशी बोलत नाही."

डॉक्टर म्हणाल्या, "बायकोचा दोष नव्हता हो. प्रत्येकाच्या रक्तात पहारेकरी असतात, आणि रोगाचा जंतू म्हणजे चोर. चोराचा चेहरा त्यांना दाखवणारी काही खूण आईबापांकडून येते, अर्धी आईची, अर्धी बापाची. एखाद्याच्या वाट्याला आलेल्या खुणेत नेमका हा चोर नीट दिसत नाही. वयानेही फरक पडतो, पण तुमच्या आणि तुमच्या भावाच्या बाबतीत मला ही घराण्याची देणगी वाटते. लस म्हणजे चोराचं चित्रच. तुमचे पहारेकरी ते बघतात आणि पुढे निघून जातात."

"म्हणजे अंपाच्या हाताचा दोष नाही?"

"कुणाच्याच हाताचा नाही."

डिबोरने डोळे पुसले. मग एकदम सावरून विचारलं, "माझ्यापासून बाळांना धोका आहे?"

"नाही. तुम्हाला ती कावीळ झालेली नाही, तेही तपासलंय. धोका आहे तो तुम्हालाच."

"मग झालं तर!" डिबोर उठली. "जीव माझा आहे. हातमोजे घालीन, पण खोली सोडणार नाही. सांग रे गुलामा, सोडू नको म्हणून!"

अंपाने मान खाली घातली. "मावशी, थट्टा बाजूला ठेव. तुझं रक्त माझ्या हातून सांडू नये, ही माझ्या वाडवडिलांची शपथ आहे. सगळं ठाऊक असून मी तुला त्या खोलीत सुईच्या टोकाशी उभं केलं, तर ते रक्त मीच सांडलं ना?"

नियमाशी डिबोर भांडली असती. कराराशी कसं भांडणार? ती तडक निघाली. घरी मात्र गेली नाही, वालीच्या विधवेच्या दाराशी गेली. दोघी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, पण अंधार पडेपर्यंत बसल्या होत्या.

सकाळी ती दवाखान्यात परत आली. अंपाने डॉक्टरांना विचारून तिच्यासाठी वाट काढून ठेवली होती. बाईच्या उशाशी बसायचं, कंबर चोळायची, धीर द्यायचा. रक्त आणि सुई हॅडीकडे. डिबोरने ऐकून घेतलं.

दुपारी तेनिंग नावाची पहिलटकरीण आली. डिबोर उशाशी बसली. बाळाचं डोकं दिसू लागलं तसे तिचे हात आपोआप पुढे झाले.

"मावशी!" हॅडी म्हणाली.

हात तिथेच थांबले. तेनिंगने ते चाचपडत धरले आणि इतके घट्ट आवळले की डिबोरच्या बोटांची हाडं वाजली.

"डिबोर, खाली कोण आहे गं?" तेनिंगने घाबरून विचारलं.

"हॅडी आहे. मीच शिकवलंय तिला," डिबोर म्हणाली. "तू माझ्याकडे बघ. आता जोर लाव."