खोबरेल लावलेला ब्रेक

खोबरेल तेलाचा वास आला की मला मुरलीपुऱ्यातला तो सायकलवाला आठवतो. बाबांची जयपूरला बदली झाली तेव्हा माझ्या नव्या माउंटन बाइकचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक दाबला की किंचाळायचा, म्हणून आईनं कुरकुरणाऱ्या बिजागरीचाच उपाय केला आणि डिस्कला खोबरेल चोपडलं. किंचाळणं थांबलं, पण ब्रेकही लागेना. सायकलवाल्यानं डिस्क नुसती हुंगली. "नारियल तेल! पैड तो गए, बेटा," म्हणत त्यानं डिस्क स्पिरिटनं पुसली, नवे पॅड घातले, त्यांना धरणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सैल केले आणि ब्रेक दाबून धरूनच पुन्हा आवळले. मग चाक फिरवून कान लावला. कुठेही घासत नव्हतं. मी हँडल धरलं तर म्हणाला, "रुको, पहले मैं." तो साठीचा माणूस माझ्या बुटक्या सायकलवर गुडघे फाकवून बसला आणि नवे पॅड नीट धरेपर्यंत पुलाच्या उतारावरून दहादा खाली आला, दहादा थांबला. परवा भाचीच्या सायकलचे पॅड मी बदलले. ती टांग टाकणार, तोच माझ्या तोंडून निघालं, "थांब, आधी मी."