ड्रायव्हरसाहेबांची पहिली गोधडी

चौतीस वर्षं बस चालवलेल्या ड्रायव्हरसाहेबांना सुईत दोरा ओवताना मात्र घाम फुटला. लेक बाळाला घेऊन संध्याकाळी दवाखान्यातून घरी येणार होती, आणि नातीला निजवायचं ते आपल्या हातच्या गोधडीवरच, असा साहेबांनी हट्ट धरला होता.

शिकवायला त्यांची थोरली बहीण. "फुलंबिलं नकोत," ती म्हणाली. "सारखे चौकोन काप, एक गडद, एक फिका, बुद्धिबळाच्या पटासारखे जोड. मग अस्तर लावून सरळ धावदोरा घाल. आणि मांडीवर घेऊन शिवू नकोस, टेबलावर पसर."

"ताई, घाटात बस वळवलीय मी! मला कसलं टेबल?"

"बरं बाबा, मांडी तुझी."

दुपारभर साहेबांनी मान वर केली नाही. टाके रस्त्यावरच्या पट्ट्यांसारखे सरळ आले, तसा गडी भलताच खूश. शेवटच्या कडेला गाठ मारली आणि बेल वाजली. साहेब ताडकन उठले, तर गोधडीही त्यांच्याबरोबर उठली. अख्खी कड पायजम्यासकट शिवली होती!

ताई हसून हसून खालीच बसली. "आता नातीजवळ तूच झोप पसरून!"

"हसतेस काय, उसव की!"

"उसवायला वेळ कुठाय?" म्हणत तिनं कात्री घेतली आणि गोधडी सोडून पायजमाच कापला.

लेकीनं गोधडी उलटून पाहिली. "बाबा, मागे ही निळ्या रेघांची पट्टी कसली?"

कमरेचा टॉवेल सावरत साहेब म्हणाले, "गाडीला बंपर नको का गं?"