दुपारची मालिश

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. दाजींपुढं नाही, उज्ज्वलेपुढं तर नाहीच. एकटी असताना मनातसुद्धा शब्द जुळवले नाहीत. अर्ध्यावर आलं की मी उठून भांडी घासायला लागायची. तुम्ही मला ओळखत नाही. तेच बरं आहे.

बसवकल्याणात आमच्या गल्लीत म्हणतात, शेवंताच्या हाताला गुण आहे. बाळंतिणी येतात, लकवा झालेल्या माणसांना रिक्षात घालून आणतात. माझे हात धरून दुसऱ्यांना दाखवतात: ह्या हातांनी बहिणीची सेवा केली. मी हात मागं घेते. लोकांना वाटतं, लाजायलीय.

बहीण म्हणजे कमळअक्का. आमची आई लवकर गेली, मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते अक्कानंच. पुढं तिचं लग्न बसवकल्याणच्या मास्तरांशी झालं. मी त्यांना दाजी म्हणते. माझंही लग्न झालं होतं, पण मला नांदवलं नाही, परत पाठवलं. औरादकडच्या आमच्या गावात भावाच्या घरी भावजयीच्या हाताखाली राहायची. ताटातली दुसरी भाकरी मागायची हिंमत नसायची. पण हे तर मी कारण सांगायलेय—नको. ते सोडा.

दाजींच्या शाळेच्या पाटीवरचं म्हैसूर खोडून कर्नाटक लिहिलं, त्या साली अक्काचं दुसरं बाळंतपण झालं. मूल मेलेलं निघालं, आणि अक्काची उजवी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड. वाचासुद्धा गेली, फक्त एक शब्द राहिला: व्हय. पाणी पाहिजे का—व्हय. नको का—तरी व्हय. तिला काय म्हणायचंय ते डोळ्यांत बघून ओळखायचं.

मला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी माझ्यासमोर अक्काचा पाय मांडीवर घेतला आणि कसं चोळायचं ते दाखवलं. म्हणाले, "मालिश म्हणजे जादू न्हाई. पण रोज केली तर रक्त खेळतं, सांधे आखडत न्हाईत, पाठीला जखमा होत न्हाईत. एक दिवस चुकवू नका. शरीर विसरतंय बघा."

मी रोज केली. जेवणं झाली की दार लोटून घ्यायचं, तिळाचं तेल कोमट करायचं, टाचेपासून वर मांडीपर्यंत चोळायचं, मग गुडघा वाकवायचा, बोटं एकेक सोडवायची. तिच्या पायाची सूज उतरली. बर्फासारखा तळवा कोमट व्हायला लागला. तिला गाढ झोप यायला लागली. मलाही ती वेळ आवडायची. खोटं नाही सांगत.

अक्काची थोरली लेक उज्ज्वला तेव्हा शाळेतही जात नव्हती. आधी मला मावशी म्हणायची. मग कधीतरी आई म्हणायला लागली. कुणी टोकलं नाही. किल्ल्या माझ्या कमरेला, चूल माझी. दाजी चांगले माणूस, कधी वावगं बघितलं नाही त्यांनी. एकदा जेवताना म्हणाले, "तुझी अक्का बरी झाली की मी सोता तुला गावाकडं सोडून येतो, शेवंता. लई अडकून पडलीस."

माझं भलं म्हणूनच बोलले ते. माझा घास मात्र तोंडातच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्काच्या उजव्या पायाचा अंगठा माझ्या तळहातात हलला. आतून कुणीतरी दार वाजवावं तसा. मी दचकून हात काढला. परत धरला—परत हलला. अक्का माझ्याकडं बघत होती आणि हसत होती, अर्ध्या तोंडानं. मी सांगायला धावत निघाले. दारात उज्ज्वला उभी. "आई, भूक लागली."

मी भात वाढला. दाजी आले, हातपाय धुतले, जेवले. मी काही बोलले नाही. राहून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. राहून गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार लोटलं, तेल कोमट केलं, आणि अक्काच्या पायाला नुसतं फासलं. खोलीत वास भरावा इतपत. मग खाटेजवळ भिंतीला टेकून बसून राहिले. तिनं पाय थोडा पुढं केला. मी बघितलं नाही. मग रोज तसंच. बाहेर सगळ्यांना वाटायचं, आत मालिश चाललीय. आत ती माझ्याकडं बघायची आणि मी दाराच्या फटीतल्या उजेडाकडं.

दाजींनी एकदा तिला विचारलंसुद्धा, "शेवंता करायलीय ना नीट?"

"व्हय," अक्का म्हणाली. तिच्याजवळ दुसरा शब्दच कुठं होता? पण ते म्हणताना ती त्यांच्याकडं नव्हे, माझ्याकडं बघत होती.

इथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. आळस केला, कंटाळा केला, असं तरी म्हणता आलं असतं.

एके दुपारी मी पाण्याला गेले आणि लवकर परतले. खोलीतून आवाज येत होता, ओल्या कातड्यावर हात फिरतो तसा. फटीतून बघितलं. अक्का कशीबशी उठून बसली होती. डावा हात स्टुलावरच्या वाटीत बुडवायची आणि आपला उजवा पाय आपणच चोळायची. सावकाश, टाचेपासून वर. मी करायची अगदी तसं.

मी आत गेले. ती थांबली. मी वाटी उचलली आणि भिंतीतल्या उंच कोनाड्यात ठेवली. दाजींना सांगितलं, अक्का तेल सांडते.

मग भिंतीवर डाग दिसायला लागले. खाट भिंतीला लागून होती. आधी गादीच्या जरा वर बोटांचे तेलकट ठसे. मी पायाला फासलेलं तेलच तिनं बोटांवर घेतलेलं असणार. मी राखेनं पुसले. पुढच्या दुपारी वीतभर वर. मी पुसायची, ते वर चढायचे. मी घरात असताना काही ऐकू यायचं नाही. आत जावं तर अक्का उताणी पडलेली, डोळे मिटलेले, आणि भिंतीवर ओले ठसे. बसलेल्या माणसाचा हात पोचणार नाही इतके वर. मला त्या खोलीत एकटं जायची भीती वाटायला लागली—भर दुपारी. कुणाची भीती? ती तर माझी अक्का होती.

एक दिवस कोनाड्यातली वाटी सरकलेली दिसली. काठावर आली होती. म्हणजे ती उभी राहिली होती.

मी काय केलं सांगू? खाट भिंतीपासून ओढली आणि खोलीच्या मधोमध आणली. दाजींना म्हटलं, उन्हाळाय, वारं लागेल. ते म्हणाले, "बरं सुचलं तुला."

आता तिच्या हाताशी धरायला काही नव्हतं. फटीतून बघितलं की तिचा डावा हात वर उठलेला दिसायचा. हवेत चाचपडायचा, भिंत शोधायचा. किती तरी दुपारी. मग एके दुपारी तो उठला नाही, आणि पुढं कधीच उठला नाही.

उन्हाळा सरता सरता पाय आखडला, पाऊल आत वळलं. उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. डॉक्टर आले, त्यांनी पाय सरळ करून बघितला. अक्का कण्हली.

"मालिश चालूय ना रोज?"

"व्हय," मी म्हणाले. "रोज."

"मग काय करणार," ते म्हणाले.

अक्का आणखी काही वर्षं जगली. शेवटी छातीत कफ भरला आणि हिवाळ्यात गेली. आंघोळ घालायला बायका जमल्या. मूठ उघडेना. एक म्हातारी म्हणाली, "शेवंता, तूच चोळ. तिला तुज्या हाताची सवय हाय."

सगळ्या बघायल्या होत्या. मी तेल घेतलं. इतक्या वर्षांनी तिचा हात हातात घेतला, मनगटापासून चोळत आणला. मूठ माझ्या हाताखाली सैल पडत गेली. एकेक बोट सुटलं. तळहातावर नखांचे जुने खोल वण. बायका रडायला लागल्या. म्हणाल्या, बघा, बहिणीची माया.

मी तिथंच राहिले. उज्ज्वलेला वाढवलं, शिकवलं. ती आता गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नर्स आहे. मागच्या सुट्टीत आली तेव्हा तिच्यासोबत कामावरची एक मैत्रीण होती. उज्ज्वला तिला सांगत होती, "लकव्याच्या पेशंटचे हातपाय रोज चोळा म्हणून मी घरच्यांच्या मागं लागते ना, ते हिच्यामुळं. हिनं माझ्या आईची मालिश एक दिवस चुकवली न्हाई."

मैत्रीण खाली वाकली आणि माझ्या पाया पडली.

मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा.