भाऊजींची जीभ

आमचे भाऊजी महागातली महाग वाईन तोंडात घ्यायचे, डोळे मिटून घोळवायचे आणि थुंकून टाकायचे. गोव्याच्या एका मोठ्या हॉटेलात कोणत्या जेवणासोबत कोणती वाईन द्यायची हे ठरवणं, हे त्यांचं काम. पुसदजवळच्या आमच्या गावात हे समजावून सांगणं अवघड होतं. दारू पाजायची नोकरी, एवढंच लोक समजायचे. भाऊजी रागवत नसत. म्हणायचे, "दारू पोटासाठी असते गा. वाईन जिभेसाठी."

माझ्या मोठ्या बहिणीला, ताईला, हा फरक कधी पटला नाही. आमचे बाबा मोहाच्या दारूपायी गेले होते. तिनं घरात बाटली म्हणून येऊ दिली नाही. एकच आली, स्पेनमधल्या रिओहाची लाल वाईन. हॉटेलात उतरलेल्या तिथल्या एका म्हाताऱ्या द्राक्षबागायतदारानं ती भाऊजींना प्रेमानं दिली होती. आमचा उन्हाळा तिला सोसणार नाही म्हणून भाऊजींनी ती गव्हाच्या कोठीत आडवी पुरून ठेवली. गहू काढताना बाटलीला हात लागला की ताई हात धुऊन यायची.

जिभेला ते तान्ह्या लेकरासारखं जपत. आमच्याकडे चौकाचौकात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो. भाऊजींनी सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. चहा निववून प्यायचे. सुटीवर आले की मला जांभूळ खायला लावून विचारायचे, आधी काय लागलं, मग काय राहिलं. मी घाईनं उत्तर दिलं की म्हणायचे, "थांब ना. खरी चव मांगून येते."

त्याच जिभेच्या कडेला चट्टा उठला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, अर्धी जीभ काढावी लागेल, उशीर करू नका. भाऊजी दिवाळीच्या तोंडावर नोकरी सोडून घरी आले आणि नुसते बसून राहिले. ऑपरेशनचा विषय निघाला की उठून वावराकडे जात. घाटंजीच्या बाजारातून कुणा वैदूचा पाला आणला, तोच लावत राहिले. ताईनं विनवलं, उपास धरले, त्यांच्या लहान पोरीला पुढे केलं. मी भांडलो. ते एवढंच म्हणाले, "जीभ काढल्यावर जो वाचंल, तो कोन हाय? मी तं नाही."

संक्रांत आली तोवर त्यांना भाकरी गिळवेना. एका दुपारी ताईनं मला बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा कोठीतली बाटली भाऊजींच्या समोर होती.

"चाखून पाहा," ताई त्यांना म्हणत होती. "चव लागली तं मी दवाखान्याचं नाव नाही काढनार. नाही लागली तं उद्या नागपूर."

भाऊजींनी बाटली जवळ ओढली. मग त्यांनी हात धुतले, बूच अलगद काढलं, गोव्याहून आणलेला पातळ काचेचा ग्लास पुसला. वाईन दारातल्या उजेडात धरली. तिच्या कडेला विटकरी झाक आली होती. ग्लास फिरवून त्यांनी नाक आत घातलं. पिकलेलं आलूबुखार, म्हणाले. जुनं चामडं. ज्या लाकडी पिपात ही मुरली त्या लाकडाचा वास, आणि त्यात सुकं खोबरं. बोलता बोलता त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, ताई हरली.

त्यांनी घोट घेतला. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. घोट त्यांनी बशीत थुंकला.

"वास सारा हाय," ते म्हणाले. "चव नाही. नुसती आग."

ताईनं ग्लास उचलला आणि जन्मात पहिल्यांदा घोट घेतला. भाऊजी तिच्या तोंडाकडे पाहत होते. "काय लागते?"

"तुरट." ती थांबली. "मांगून जरासं गोड. जाऊनच नाही राह्यली तोंडातून."

"मंग चांगली हाय," भाऊजी म्हणाले, आणि रडू लागले.

दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलो. ऑपरेशन झालं, पण रोग मानेत उतरला होता. त्यानंतर भाऊजींचं बोलणं फक्त ताईला कळायचं. जेवण नाकातल्या नळीतून. तरी ताई फोडणीची कढई, लिंबाची फोड, ताजी कोथिंबीर त्यांच्याजवळ न्यायची आणि ते डोळे मिटून वास घ्यायचे. होळीनंतर ते गेले.

बाटलीची गोष्ट तोवर गावभर झाली होती. तेरवीला ताई ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"लोक म्हनतात, मी त्यायले दारू पाजली," ती म्हणाली. "म्हनू दे. म्या ते बाटली दिवाळीतच फोडाले पाहिजे होती."