रानदांडग्याची जांभई

माझा मामा चित्रकथा काढायचा. एका साप्ताहिकात त्याचा ‘रानदांडगा’ यायचा. कमरेला कातडं, हातात भलंमोठं हाडूक, डोक्याने जरा मंद पण मनाने स्वच्छ असा रानटी वीर. तो अजगराला गाठ मारायचा, गेंड्याची आधी माफी मागायचा आणि मग त्याला आपटायचा. चित्रं मामाची आणि संवादांच्या फुग्यांतली अक्षरं माझी, कारण मामाचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नसे. छापखान्याच्या माडीवर आमची दोन टेबलं समोरासमोर होती. आठवड्याला आठ पानं.

मामा भित्रा नव्हता. शूरही नव्हता. घर, टेबल, शाई, आणि संध्याकाळी चालत परत; घाबरायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती. भ्यालेला माणूस काढायचा झाला की ठरलेलंच काढायचा. डोळे बटाट्याएवढे, केस उभे, तोंड वासलेलं. मी वर ‘वाचवा’ लिहिलं की काम झालं.

एकदा एका शाळामास्तरांचं पत्र आलं. ‘आपला बिबट्या रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा दिसतो,’ असं त्यांनी सभ्य भाषेत कळवलं होतं. साप्ताहिकाच्या मालकांनी पत्र मामापुढे ठेवलं.

“खरा बघून या एकदा,” ते म्हणाले. “रजा मांडणार नाही.”

प्राणिसंग्रहालयातला एक रखवालदार मालकांच्या ओळखीचा होता. वयस्कर, कमी बोलणारा. तो मामाला पिंजऱ्यांच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. बिबट्या दिवसा पुढच्या अंगणात असायचा आणि मागे त्याची निजायची कोठडी होती. कोठड्यांच्या पाठीमागून एक अरुंद बोळ गेला होता, फक्त रखवालदारांच्या कामाचा. त्याने मामाला कोठडीच्या जाळीच्या दारासमोर एका पालथ्या बादलीवर बसवलं.

“मांस घेऊन येतो. वास आला की तो आत येईल, मग हवा तेवढा बघा,” असं सांगून तो गेला. जाताना नियमाप्रमाणे बोळाचं दार बाहेरून लावून घेतलं.

मामाने चित्राची फळी मांडीवर घेतली, पेन्सिलीला टोक केलं. पण बिबट्या मांसाची वाट बघत थांबला नाही. तो तसाच आत आला. मामा सांगायचा, पायांचा आवाज अजिबात झाला नाही. आधी कोठडी रिकामी होती आणि मग नव्हती.

मामाने दोन रेघा मारल्या. तिसऱ्या रेघेला त्याची नजर दाराच्या कडेवर गेली. कडेला उजेडाची उभी फट होती. कडी सरकवलेली नव्हती. कुलूप नुसतंच कोयंड्याला लोंबत होतं.

त्याच्या पाचावर धारण बसली. मागे भिंत, आणि बोळाचं दार बाहेरून बंद. ओरडावं, तर जनावर बिथरेल. नाही ओरडावं, तर रखवालदार कधी येईल याचा भरवसा नाही. बिबट्याने फटीपाशी नाक आणलं आणि हुंगलं. दार बोटभर हललं.

तेव्हा मामाला जांभई आली.

आधी त्याला वाटलं, आपण बेशुद्ध पडतोय. पण ती खरोखरची जांभई होती, जबडा दुखेल इतकी मोठी. ती संपते तोच दुसरी आली. तळहात ओले झाले होते, कानात गिरणी चालल्यासारखा आवाज होता, आणि हा जांभया देत बसला होता. बिबट्या त्याच्याकडे बघत होता. मग त्याने फटीत पंजा घातला, अगदी सावकाश, मांजर कपाटाखाली घालतं तसा.

पंजा परत आत गेला तेवढ्यात मामा उठला. कसा उठला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. चित्राची फळी पुढे धरून त्याने दार रेटलं आणि दुसऱ्या हाताने कडी ओढली. कडी गंजलेली, अर्ध्यावर अडली. त्याने फळी टाकली आणि दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा ती बसली. दारावर पलीकडून एक धडक बसली आणि त्याचे दात एकमेकांवर आपटले.

रखवालदार परत आला तेव्हा मामा कडीला धरून गुडघ्यांवर होता. एकेक बोट सोडवावं लागलं. काय झालं होतं ते लोंबतं कुलूप बघूनच रखवालदाराला कळलं. तो बादलीवर बसला.

“सकाळी मीच लावलं होतं,” तो म्हणाला. “म्हणजे लावलं असं वाटलं होतं.”

“मला जांभया येत होत्या,” मामा म्हणाला. त्या क्षणी त्याला एवढंच सांगावंसं वाटलं.

“भीतीच्या. मला रोज येतात. बावीस वर्षं झाली.”

मामाने तक्रार केली नाही. मला सांगितलं तेही महिन्याभराने, मान खाली घालून शाई भरता भरता. घरी मात्र तो दाराची कडी तीन-तीनदा बघायला लागला. मामी आधी हसली, मग चिडली, मग स्वतःच “लावली आहे, मी बघितली” असं सांगायला लागली. तरी तो उठायचाच.

पुढच्या अंकात बिबट्या बिबट्यासारखा झाला. पण त्याच्यासमोर उभा असलेला रानदांडगा जांभई देत होता.

“नायक जांभया देतो?” मालक म्हणाले. “वाचकही देतील. खोडा.”

“नाही खोडणार,” मामा म्हणाला. इतक्या वर्षांत मालकांना त्याने नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मालक जिना उतरून गेले आणि चित्र तसंच छापलं गेलं.

वाचकांना ते फार आवडलं. काय बेफिकीर गडी आहे, समोर बिबट्या आणि याला झोप येतेय, असं लिहून ढिगाने पत्रं आली. मामाने कुणाचीच समजूत दुरुस्त केली नाही. मग प्रत्येक लढाईआधी रानदांडगा जांभई द्यायला लागला.

वर्षभराने एक वेगळं पत्र आलं. लिहिणारा उंच इमारतींना बाहेरून रंग देणारा कामगार होता. ‘दोरांवर टांगलेल्या पाळण्यात चढायच्या आधी मला जांभया येतात. मुकादम म्हणतो, रात्री झोपत जा. तुमचा रानदांडगा घाबरलेला असतो, हो ना?’

मामाने ते दोनदा वाचलं. उत्तर लिहायला त्याला तीन दिवस लागले आणि त्या आठवड्याची पानं उशिरा गेली. काय लिहिलं ते त्याने मला दाखवलं नाही. पत्ता मात्र माझ्याकडूनच लिहून घेतला, कारण त्याच्या अक्षरात तो पोचला नसता. पाकीट चांगलं जाड होतं.