पोस्टमनची पानं

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या माणसाचा हात दिवसभरात एकदाही चुकत नसे. घरी मात्र हौसेपोटी गेम बनवताना त्याने दीड वर्षात तीन सॉफ्टवेअर बदलली होती.

पहिलं जुनाट म्हणून सोडलं. दुसरं चांगलं होतं, पण त्यात त्याच्या गेमचा नायक, एक पोस्टमन, जिना चढताना पायरीत रुतून बसायचा. चूक त्याने स्वतः लिहिलेल्या सूचनांत होती. ती शोधायची सोडून तो ‘कोणतं सॉफ्टवेअर सर्वांत भारी’ असले व्हिडिओ बघत बसला आणि तिसरं घेतलं. नाचता येईना, अंगण वाकडं! तिसऱ्यात माणसं चहूबाजूंनी दिसणारी, मातीच्या बाहुल्यांसारखी घडवावी लागत. कागदावर काढलेल्या चपट्या चित्रांना तिथे जागा नव्हती.

आणि चित्रं काढत होती त्याची काकू. चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर. पोस्टमनच्या प्रत्येक हालचालीसाठी वेगळं पान. नजर कमी पडते म्हणाली, तेव्हा नाकावर बसवायचं भिंग त्यानेच घासून दिलं होतं. सॉफ्टवेअर बदलून चार महिने झाले तरी दर रविवारी तो तिच्याकडून नवी पानं घेऊन येत होता.

या रविवारी सकाळी तिने टेबलावर गठ्ठा ठेवला. “आता छत्री उघडतो बघ. बारा पानं लागली.”

“झकास!”

“मागच्या महिन्यातली जिन्याची पानं? तीही झकासच?”

“एकदम.”

“त्यात त्याला दोन्ही पाय डावेच काढलेत मी. परवा अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं. तुला दिसलं नाही?”

‘मी दुरुस्त केलं’ हे शब्द ओठांवर आले होते. तिच्या नाकावर भिंगाच्या कडेचा वळ उमटला होता. तो म्हणाला, “काकू, मी ती पानं उघडलीच नाहीत. चार महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर बदललं. त्यात तुझी चित्रं चालत नाहीत.”

“म्हणजे पोस्टमनला घरी बसवलंस आणि पगार चालू ठेवलास.”

“सांगणारच होतो.”

“चार महिने सांगणारच होतास?” तिने भिंग पुसून ठेवलं. “सॉफ्टवेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही. ते तू बघ. चित्रं हवीत की नकोत, तेवढं बोल.”

“हवीत.”

“तुझी गिऱ्हाइकं घाईत असली की म्हणतात ना, ‘हो हो, दिसतंय’? तसं म्हणालास.”

तिने छत्रीचा गठ्ठा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला.

“आधीची पानंही आणून दे. सगळी.”

“आणतो,” तो म्हणाला. ती नेमकी कुठे ठेवली आहेत, हे रस्त्यावर येईपर्यंत त्याला आठवलं नव्हतं.